तिसऱ्या ओळीतली चावी

१४ सप्टेंबर २०१०

चांदीच्या हौदावर उभं राहून पाय सुजवून घेतलेल्या माणसा,

तुझं, माझं आणि आपल्या सगळ्या जमातीचं एक गाऱ्हाणं आहे. क्लॅरिनेट चांगलं वाजलं तर लोक लाकडाचं कौतुक करतात, वाजवणाऱ्याचं करतात, ज्या बोरूची पत्ती तोंडाला लावली त्या बोरूचंही करतात. बोटाखालच्या चाव्यांवर चांदीचा मुलामा कोणी चढवला, हे कधी कोणी विचारत नाही. मुलामा उडाला की मात्र पहिला प्रश्न तोच असतो: हा कोणी चढवला?

ओत्मार, तो प्रश्न आता विचारला गेला आहे. म्हणून दीड वर्षानंतर लिहिते आहे. दुसरं काही कारण नाही असंच समज.

गेल्या मंगळवारी संगीतशाळेचे पेखा मास्तर कारखान्याच्या फाटकावर आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेली पेटी त्यांनी पहारेकऱ्याच्या टेबलावर, त्याच्या चहाच्या शेजारी उघडली. आत गेल्या ऑक्टोबरात शाळेनं आपल्याकडून घेतलेल्या चोवीस नव्या क्लॅरिनेटांपैकी एक होतं.

"हेदविका, ही वस्तू अकरा महिन्यांची आहे," ते म्हणाले. "माझी बायको एकेचाळीस वर्षं माझ्याबरोबर आहे. तिच्या अंगठीवरचं सोनं अजून जागेवर आहे."

तीन चाव्यांवरची चांदी गेली होती. खालून पिवळट राखाडी जर्मन सिल्व्हर दिसत होतं, ज्यात नावापलीकडे चांदीचा कणही नसतो, निकेल मात्र भरपूर असतं. मास्तरांनी उजव्या हाताची करंगळीशेजारची बोटं पुढे केली. कातडी लाल झाली होती, पेरांवर चिरा पडल्या होत्या. "डॉक्टर म्हणतो, निकेल सोसत नाही तुम्हाला. मी म्हटलं, बाबा रे, मी चांदी वाजवतो."

मी काय म्हटलं असेन? म्हटलं, मास्तर, घाम माणसागणिक वेगळा असतो.

"असेल," ते म्हणाले. "चोवीस माणसांचा घाम एकाच वर्षी नासला म्हणायचा."

दुसऱ्या दिवशी इंजिनियर व्होतावानं चौकशी बसवली. त्यानं गेल्या वर्षीच्या उन्हाळ्याची, मुलाम्याच्या हौदाची वही उघडली. एप्रिल ते ऑगस्ट, प्रत्येक खेपेसमोर काम करणाऱ्याचा क्रमांक होता एकतीस. त्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "एकतीस म्हणजे तुमचा भाऊ ना?"

मी हो म्हटलं. प्रश्न तेवढाच होता.

तू म्हणशील, एप्रिलमध्ये मी तिथे होतोच कुठे. ठाऊक आहे मला. गेल्या वर्षी मार्चअखेर तू गेलास ते फेब्रुवारीत कँटीनमध्ये झालेल्या सभेमुळे, आणि त्या सभेत बाकावर चढून बोलले होते ती मी. चांदी महागली होती. चाव्या हौदात बुडवून ठेवायची चाळीस मिनिटं अठरावर आणायची की साठ माणसं घरी पाठवायची, असा सवाल होता. मी साठ चुलींबद्दल बोलले. आपल्या आजोबांच्या संपाबद्दल बोलले. पुस्तकांत वाचलेल्या, उपासमारीनं मेलेल्या विणकरांबद्दलही बोलले. बायका रडल्या. तू सुपाच्या पातेल्याशी उभा होतास. हातातला डाव खाली न ठेवता म्हणालास, "ताई, भाषणानं चांदी चढत नाही."

मागून कोणीतरी ओरडलं, "मग तूच जाऊन बस हौदात चाळीस मिनिटं." सगळे हसले. मीही हसले. एवढं कबूल करायला दीड वर्ष लागलं आहे. यापेक्षा जास्त आज मागू नकोस.

हेदविका

३ नोव्हेंबर

ओत्मार,

काल मृतांचा दिवस होता. आईच्या थडग्यावर गेले तर तिथे आधीच एक मेणबत्ती जळत होती, लाल काचेतली, झाकणावर छोटा क्रॉस असलेली. तसल्या मेणबत्त्या आपल्या बाजूला मिळत नाहीत, त्या सीमेपलीकडच्या, सॅक्सनीतल्या. म्हणजे तू बारा किलोमीटर आलास. शेवंतीची सुकलेली फुलं काढलीस, दगडावरचं शेवाळ खरवडलंस, आणि माझ्या दारावरून परत गेलास. मी घरी होते. गोड पावाच्या बुख्त्या केल्या होत्या, आईसारख्या, आत आलुबुखाराचा मुरंबा घालून. अजूनही पुष्कळ उरल्या आहेत.

आतापर्यंत वेगवेगळ्या गावांतून सतरा क्लॅरिनेटं परत आली आहेत. एका शाळेची गोष्ट राहिली नाही ही. नव्या मालाच्या पेट्या फाटकातून बाहेर जातात, गेल्या वर्षीच्या मालाच्या पेट्या आत येतात. मिलुश्का चाव्या तारेवर ओवता ओवता म्हणाली, "बरं आहे बाई, आपला माल आपल्याला सोडून कुठे राहत नाही." ती अशीच बोलते, तुला आठवत असेल. तू गेलास तेव्हा तुझ्या कपाटावर तिनं तुझा जुना रबरी हातमोजा टांगला होता, बोटं वर करून, निरोप दिल्यासारखा. तो अजून तिथेच आहे.

व्होतावाच्या अहवालाचा मसुदा मी वाचला. त्यात लिहिलं आहे, "अनुभवी कामगाराचा निष्काळजीपणा." नाव नाही, क्रमांक आहे. हा अहवाल वीस डिसेंबरला जिल्ह्याच्या तपासनिसांकडे जाणार आहे, आणि त्यासोबत तुझा विषाचा परवाना रद्द करण्याची शिफारस. चांदीचा हौद सायनाइडचा. त्या परवान्याशिवाय तुला कोणी हौदाच्या दहा पावलांत उभं करणार नाही, तुझ्या तिकडच्या दुरुस्तीच्या दुकानाचे सॅक्सन मालकही नाहीत. तू काय करशील मग? तेराव्या वर्षापासून तुला हे एकच काम येतं. बाबा म्हणायचे, या पोराला हौदाचा वास जरा जास्तच लवकर आवडला.

आता वहीबद्दल. तू गेल्यावर हौद माझ्याकडे आला. माझा क्रमांक सतरा, पण सतरा क्रमांकाला परवाना नव्हता. अर्ज केला होता, यायला पाच महिने लागले. तेवढे दिवस हौद बंद ठेवायचा म्हणजे अठरा मिनिटांच्या आपल्या मोठ्या विजयाचं काय झालं असतं? म्हणून वहीत एकतीस लिहिलं. रोज, प्रत्येक खेपेला. अक्षर माझं आहे, ओत्मार. व्होतावालाही ते ठाऊक आहे. त्यानं माझं अक्षर दहा वर्षं वाचलं आहे. त्यानं विचारलं नाही आणि मी बोलले नाही. आम्हा दोघांचं असं छान जमतं.

पण एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे. साक्षीच्या चाव्या सगळ्या चांगल्या निघाल्या. प्रत्येक खेपेबरोबर एक जास्तीची चावी टांगायची, तिच्यावर खेपेचा आकडा ठोकायचा, आणि मुलामा किती जाड बसला ते तिच्यावर मोजायचं, ही बाबांच्याही आधीपासूनची रीत. त्या उन्हाळ्यातल्या प्रत्येक साक्षीच्या चावीवर वीस मायक्रॉन चांदी आहे. कागदावर सही-शिक्क्यानिशी. तेव्हा मुलामा पातळ होता असं कोणालाच म्हणता येणार नाही. व्होतावा म्हणतो, जाडी बरोबर आहे, म्हणजे हौद घाण होता, म्हणजे एकतीसनं तो राखला नाही.

त्यानं मला बोलावून कॉफी दिली. म्हणाला, "हेदविका बाई, लोक तुमचं ऐकतात. कँटीनमध्ये दोन शब्द बोला. माणूस तसाही इथे नाही, त्याला काय फरक पडतो? इथल्या साठांना पडतो."

साठ. माझाच आकडा. त्यानं तो जपून ठेवला होता.

हेदविका

२७ नोव्हेंबर

ओत्मार,

तुझं पाकीट आलं. दीड वर्षात पहिल्यांदा. मी ते स्वयंपाकघरात उभ्यानंच फोडलं आणि आत दुरुस्तीच्या पावतीच्या पाठीवर एकच ओळ होती. "साक्षीची चावी कुठे टांगली होतीस?"

ना प्रिय, ना सही. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं; शिव्यांना मी चांगली उत्तरं देते.

त्या ओळीचं उत्तर आज देत नाही. आधी कालचं ऐक.

काल जेवणाच्या सुट्टीत मी बाकावर चढले. ठरवून चढले होते. सकाळी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं: वहीतला एकतीस मी लिहिला, माझा भाऊ तेव्हा इथे नव्हता. दोन वाक्यं. लहान मूलही पाठ म्हणेल. समोर सगळे होते, ताटात मसूर आणि आंबवलेली काकडी. व्होतावा दाराशी हाताची घडी घालून उभा होता. मी म्हटलं, "मित्रहो, मैत्रिणींनो, आपल्या हातांवर आज आरोप आहे." सगळीकडे शांत झालं. ती शांतता तुला माहीत नाही, ओत्मार, तू कधी वर चढला नाहीस. ती आली की माणसाला ती सोडवत नाही. मी म्हटलं की आपल्या गावच्या हातांनी दोनशे वर्षं युरोपच्या श्वासाला चाव्या दिल्या. म्हटलं की बाजार स्वस्ताई मागतो आणि मग स्वस्ताईबद्दल कामगाराला फासावर चढवतो. म्हटलं की दोष एका हाताचा नसतो, काळाचा असतो. प्रत्येक वाक्य खरं होतं. एकेक वाक्य पुढच्याला हात देत होतं, आणि माझी ती दोन वाक्यं खिशात तशीच राहिली.

मी तुझं नाव घेतलं नाही. व्होतावाला हवं होतं ते बोलले नाही, आणि मला बोलायचं होतं तेही नाही. टाळ्या पडल्या. व्होतावानंही वाजवल्या.

नंतर हात धुताना मिलुश्का शेजारी आली. साबण माझ्याकडे सरकवत म्हणाली, "सुंदर बोललीस गं. माझा तर घास घशात अडकला." नळ बंद केला. मग म्हणाली, "म्हणजे नक्की काय बोललीस?"

मी म्हटलं, "आपल्या सगळ्यांच्या बाजूनं बोलले."

"हो, ते समजलं," ती म्हणाली. "ओत्मारच्या बाजूनं कधी बोलणार आहेस ते विचारतेय. का तो आपल्यात धरायचा नाही?"

मी खूप वाचलं आहे. तुरुंगात लिहिलेली पुस्तकं वाचली, क्रांत्यांचे इतिहास वाचले. त्या सगळ्यांत खोटं बोलणारा माणूस दुष्ट तरी असतो, नाहीतर घाबरट तरी. खरं बोलत बोलत खोटं पार पाडणारी बाई मला कुठल्या पुस्तकात भेटली नाही. मिलुश्का पुस्तकं वाचत नाही. तिला मी धुण्याच्या नळाशी, हाताला साबण असताना भेटले.

पेखा मास्तरांकडे गेले होते. त्यांनी चाव्यांवर बायकोच्या नखांचा बिनरंगी रंग लावला आहे, कातडी वाचावी म्हणून. तीन दिवस टिकतो, मग पुन्हा लावायचा. दारातच म्हणाले, "ये. नटवी आणि मी आत्ताच सजून बसलो आहोत." मग वाजवून दाखवायला घेतलं आणि चार ओळींत थांबले. बोटं चाव्यांना चिकटत होती. क्लॅरिनेट मांडीवर आडवं ठेवून म्हणाले, "सहासष्टाव्या वर्षी नवीन वाद्य कोण शिकणार? ढोल शिकू का?" त्यांची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "घरात नाही." तिघंही हसलो. त्यांनी ते पेटीत ठेवलं तेव्हा कडीचा आवाज झाला, आणि मला कळलं की हा माणूस आता वाजवणार नाही.

तुझ्या ओळीचं उत्तर मला माहीत आहे. तुलाही माहीत आहे, म्हणून तर विचारलंस.

हेदविका

१२ डिसेंबर

ओत्मार,

काठावर.

हे तुझ्या ओळीचं उत्तर. साक्षीची चावी मी, ज्या चौकटीवर चाव्या ओळीनं टांगून हौदात सोडतात, तिच्या बाहेरच्या काठावर टांगत होते, चांदीच्या पाटीच्या अगदी समोर.

तुला समजावण्याची गरज नाही, पण हे पत्र तुझ्याशिवाय आणखी कोणी वाचावं अशी माझी इच्छा आहे, म्हणून लिहिते. चांदी आळशी असते. हौदात विजेबरोबर पाटीतून निघाली की जे पहिलं भेटेल त्याच्यावर बसते. चौकटीच्या काठावरच्या चाव्यांवर थर जाड बसतो. आत, तिसऱ्या ओळीत, जिथे लहान चाव्या टांगतात, तिथे पोचेपर्यंत तिचा जीव उरत नाही. म्हणून बाबा साक्षीची चावी नेहमी तिसऱ्या ओळीच्या मधोमध टांगायचे. "सगळ्यांत गरीब जागेला विचारायचं," म्हणायचे, "तिचं पोट भरलं असेल तर सगळ्यांचं भरलं." आपल्या दोघांना त्यांनी हे एकाच दिवशी शिकवलं. तू बारा वर्षांचा होतास, मी सोळाची. मी ते वाक्य पुढे तीन भाषणांत वापरलं. तू ते फक्त हौदावर वापरलंस.

मला कोणी काठावर टांगायला सांगितलं नाही. हे नीट वाच. व्होतावानं एप्रिलमध्ये एवढंच विचारलं होतं, "अठरा मिनिटांत वीस मायक्रॉन दाखवता येतील का?" बसवता येतील का, असं विचारलं नाही, दाखवता येतील का, असं विचारलं. मी दोन दिवस विचार केला आणि जागा शोधून काढली. बाबांनी शिकवलेलं उलटं फिरवलं की झालं. कागदावरचा आकडा खरा आहे, साक्षीच्या चावीवर वीस मायक्रॉन आहेतच. ती श्रीमंत जागेची साक्ष आहे, एवढंच. पहिल्या दिवशी मिलुश्कानं पाहिलं आणि तार माझ्या हातात दिली. म्हणजे तिलाही पहिल्यापासून ठाऊक होतं. माझी वाट पाहत होती ती.

सोमवारी व्होतावाकडे जाऊन मी हे सगळं सांगितलं. बसूनच सांगितलं, उभी राहिले नाही, कारण उभी राहिले की मी बोलायला लागते. त्यानं ऐकून घेतलं, मग दार लावलं. "हेदविका बाई," तो म्हणाला, "बहीण भावाला वाचवते आहे. चांगली गोष्ट आहे. पण तपासनीस हसतील. कागदावर वीस मायक्रॉन आहेत, तुमच्याकडे काय आहे? भाषण?"

तो खोटं बोलला नाही. इतकी वर्षं मी या गावाला शिकवलं की हेदविका काहीही पटवून देऊ शकते. आता मी खरं सांगते तर तेही पटवून देण्यासारखंच ऐकू येतं. जिल्ह्याला पत्र पाठवलं. उत्तर आलं की पुराव्यासह अर्ज करावा. जाडी मोजण्याचं यंत्र व्होतावाच्या खोलीत आहे आणि त्या खोलीची किल्ली त्याच्या कमरेला. मिलुश्का म्हणते, "आता गप्प बस. जरा गप्प बसून बघ, कसं वाटतं." बसते आहे. बरं वाटत नाही.

मला आशा नाही, ओत्मार. हे तुला फसवून काही करवून घ्यायचं म्हणून लिहीत नाही. मोठ्या गिऱ्हाइकानं पुढची मागणी काढून घेतली. मार्चपर्यंत कारखाना टिकेल असं कोणी म्हणत नाही. ज्या साठ चुलींसाठी मी तुला विकलं, त्या तरीही विझणार आहेत. नाव सोडवलं तरी तुझी दीड वर्षं परत येणार नाहीत, मास्तरांची बोटं बरी झाली तरी त्यांची हिंमत परत येणार नाही. मला माफ करशील असंही वाटत नाही. मी असते तर केलं नसतं, आणि त्यावर जोरदार भाषणही केलं असतं.

पण वीस तारखेला अहवाल जाणार आहे. त्या आधी एक गोष्ट होऊ शकते आणि ती सीमेवरच्या या डोंगराच्या दोन्ही बाजूंना मिळून तूच करू शकतोस.

या पत्रासोबत काडेपेटी आहे. आत दोन चाव्या आहेत. लाल दोरा बांधलेली ती साक्षीची, खेप क्रमांक ठोकलेली. वितळवायला न्यायच्या डब्यातून मी ती उचलली. दुसरी, बिनदोऱ्याची, त्याच खेपेची: मास्तरांच्या क्लॅरिनेटवरची, अनामिकेखालची. मास्तरांनी स्वतः स्क्रू काढून दिली. "हे घे, तसंही आता ते मुकंच आहे," म्हणाले. वाद्याचा क्रमांक आणि खेपेचा क्रमांक त्यांच्या सहीनं वेगळ्या कागदावर लिहून दिला आहे. त्या मापाची चावी तिसऱ्या ओळीशिवाय कुठे टांगता येत नाही, हे तुला आणि प्रत्येक मुलामेवाल्याला ठाऊक आहे. तिच्या वरच्या अंगावर नखांचा रंग आहे, आणि तिथली चांदी बोटानं झिजलेली आहे. तिथे मोजू नकोस, कोणीतरी घामाचं नाव पुढे करील. खालच्या अंगाला, जिथे बोट कधी लागत नाही, तिथे मोज. तीन मायक्रॉन निघतील, फार तर चार.

तिसरा कागद माझा आहे. त्यात दोनच वाक्यं आहेत आणि खाली क्रमांक सतरा. आरशासमोर म्हटली होती ती वाक्यं याच्या निम्म्या लांबीची होती. आता त्यांत काठही आहे.

तुमच्या दुकानात कापून भिंगाखाली मोजायची सोय आहे, आणि तुझा मालक माझा भाऊ नाही. त्यालाच मोजू दे. त्याच्या सहीनं आकडे आणि माझा कागद वीस तारखेच्या आत जिल्ह्याच्या तपासनिसांकडे पाठव. मला उत्तर लिहिलं नाहीस तरी चालेल.

लाल दोऱ्याची चावी राहू दे बाजूला. तिनं पुष्कळ साक्ष दिली. दुसरी घे, खालचं अंग वर कर, आणि काप.

हेदविका
क्रमांक सतरा